पाणी कुठे जातं?

मुरबाडहून म्हसा, म्हशाहून नारिवली आणि पुढे सिद्धगडाच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार्महाऊसं उगवली आहेत. आधी आंब्याची कलमं आणि पत्र्याचं शेड असायचं, मग त्याला खोल्या जोडल्या गेल्या, मग खोल्यांपुढे निळ्या फरशीचा स्विमिंग पूल आला. शनिवार-रविवारी ठाणे, मुंबई, कल्याणहून लोक येतात. डोंगर बघतात, जेवतात, पाण्यात डुंबतात. पावसाळ्यात धबधबे असतात, उन्हाळ्यात पूल असतो. अडचण थंडीची. डिसेंबर ते फेब्रुवारी सह्याद्रीच्या या पायथ्याला पहाटे असा गारठा पडतो की पुलात पाय घालवत नाही. म्हणून मग हीटर आले आणि हीटर आले म्हणून मी.

मी रेफ्रिजरेशनचा मेकॅनिक. अंबरनाथच्या आयटीआयमधून बाहेर पडलो तेव्हा दूध डेअरीची शीतगृहं, आइस्क्रीमचे फ्रीज, डॉक्टरांच्या दवाखान्यातले एसी एवढंच काम होतं. पाणी तापवणारं यंत्र माझ्या हातात कधी येईल असं वाटलं नव्हतं. पण पुलाचा हीटर म्हणजे आतून एसीच असतो, फक्त तोंड फिरवलेलं. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता उचलतो आणि पाण्यात टाकतो. तोच कॉम्प्रेसर, तोच पंखा, तोच गॅस. फक्त गरम गॅस जिथे थंड होतो तिथे हवेऐवजी पुलाचं पाणी फिरतं, टायटॅनियमच्या नळीभोवती. एक युनिट वीज खाऊन चार-साडेचार युनिटांची उष्णता देतो, कारण वीज उष्णता बनवण्यात जात नाही, ती वाहून आणण्यात जाते. पंख्यातून मात्र गार हवा येते. ज्या फार्महाऊसची ही गोष्ट आहे तिथला रखवालदार मला पहिल्याच भेटीत म्हणाला होता, "भाऊ, गरम करायची मशीन नि थंड हवा फेकते, असं कसं?" मी त्याला समजावून सांगितलं. तेव्हा मला वाटलं होतं की समजावून सांगायचं काम माझं आणि ऐकायचं काम त्याचं.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. मालकाचा फोन आला. ते ठाण्याला राहतात, सगळे त्यांना शेठ म्हणतात, मीही म्हणतो. "हीटर मधेच बंद पडतो. स्क्रीनवर एरर येतो. गेल्या शनिवारी पार्टीने अर्धे पैसे परत मागितले. जाऊन बघा." त्या दिवशी टोकावड्याला एका डेअरीचं काम होतं, ते लांबलं. फार्महाऊसवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. रखवालदार काका बॅटरी घेऊन फाटकात उभे होते. पन्नाशीचे असतील. अंगावर घोंगडी, पायात रबरी चप्पल. पलीकडच्या वाडीत राहतात, बायको इथे भांडी-झाडू करते.

माझे उस्ताद सांगायचे, मशीन उघडायच्या आधी चार गोष्टी बघायच्या, त्याही याच क्रमाने. आधी लाईट, मग पाणी, मग हवा, आणि शेवटी गॅस. बहुतेक मेकॅनिक उलटे जातात. थेट गॅसचं गेज लावतात, कारण गेज लावलं की समोरच्याला वाटतं काम चाललंय. मी क्रमाने गेलो. तिन्ही फेज ठीक होते, व्होल्टेज ठीक होतं, फेजचा क्रमही बरोबर. पंप चालू होता. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली पाणी स्वच्छ फिरत होतं. पंख्याची जाळी साफ होती. एरर होता पाण्याच्या प्रवाहाचा. म्हणजे मशीन सांगत होतं की माझ्यातून पुरेसं पाणी जात नाही, म्हणून मी थांबलो.

हे सांगणारा एक छोटा स्विच असतो, फ्लो स्विच. पाइपात एक पातं लोंबतं. पाणी वाहिलं की पातं ढकललं जातं आणि आतला संपर्क जुळतो. पाणी थांबलं की पातं सरळ होतं, संपर्क तुटतो आणि कॉम्प्रेसर बंद. ही व्यवस्था गरजेचीच आहे, कारण पाणी नसताना कॉम्प्रेसर चालला तर उष्णतेला जायला जागा राहत नाही, दाब वाढतो आणि लाखभराचं यंत्र जळतं. मी एरर पुसला, मशीन चालू केलं. ते निमूट चाललं. अर्धा तास चाललं. प्रवाह तर व्यवस्थित दिसत होता, म्हणजे खोटं बोलत होता तो स्विच. मी तो काढला, पात्यावर थोडा पांढरा क्षार होता, तेवढ्यावर माझी खात्री पटली. गाडीत नवा होता, तो लावला.

काका बाजूला बॅटरी धरून उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, एक सांगू? माणसं पान्यात असली का चालतं. भायेर आली का थोड्या येळात बंद."

मी हसलो. हसलो म्हणजे चेष्टा केली असं नाही, पण हसलो. यंत्राला काय कळतं पाण्यात कोण आहे ते? मी विचारलं, "काका, तुम्ही मधेच काही बटणं दाबता का? कुठली तोटी फिरवता का?" ते म्हणाले, "तोट्या फिरवतो ना. शेठनी सांगितलंय त्या." मी पुढे विचारलं नाही. साडेनऊ वाजले होते.

रिपोर्टच्या कागदावर मी लिहिलं: फ्लो स्विच खराब, बदलला. आणि खाली, जागा उरली होती म्हणून म्हणा, स्वतःला झाकायला म्हणा, एक वाक्य आणखी लिहिलं: हाताळणीतही चूक होत असावी. कागदाचा फोटो शेठना पाठवला. असं वाक्य आमच्या धंद्यात सगळेच लिहितात. उद्या पुन्हा बिघाड झाला तर आपल्यावर येऊ नये म्हणून. ते कुणाबद्दल आहे याचा विचार कुणी करत नाही. त्या फार्महाऊसवर हाताळणी करणारा माणूस एकच होता.

दहा दिवसांनी पुन्हा फोन. तोच एरर.

या वेळी गुरुवारी सकाळीच निघालो. म्हशाची यात्रा संपून महिना होत आला होता, तरी रस्त्याकडेला विकायच्या राहिलेल्या घोंगड्यांच्या घड्या एका दुकानापुढे दिसल्या. पुढे डोंगर उघडे झाले. डावीकडे लांबवर गोरखगडाचा सुळका, समोर सिद्धगड. या गडाकडे बघताना इकडच्या माणसाला २ जानेवारी १९४३ ही तारीख आठवतेच. भाई कोटवाल आणि हिराजी पाटील त्या दिवशी इथल्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात गेले. माथेरानचे कोटवाल वकील होते. १९४२च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडाखाली लोक जमतात, हुतात्म्यांना मानवंदना देतात. शाळेत असताना मीही गेलो होतो. तेव्हा वाटायचं, मनोऱ्यावर इतका राग का? आता रोज तारांचंच काम करतो म्हणून असेल, पण मला त्यातला नेम कळतो. मनोरा उभा इथल्या जमिनीवर, वीज जाणार शहरात. पाण्याचंही तसंच. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा, वैतरणा, भातसा. तानसाचं धरण १८९२चं. मुंबईची तहान त्या तालुक्याने भागवायची, आणि त्याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही. हे मी मोठा विचार म्हणून लिहीत नाही, मोटरसायकलवर बसून एक तास काढताना मनात येतं ते लिहितोय.

फार्महाऊसवर पोचलो तर काका बोलले नाहीत. फाटक उघडलं आणि पंपाच्या खोलीकडे चालू लागले. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि तीच म्हणाली, "शेठनी तीन हजार कापले यांचे. तुम्ही लिवलं ना, यांची चूक हाय म्हणून."

मी म्हणालो, मी तसं नव्हतं लिहिलं. पण मी तसंच लिहिलं होतं. 'असावी' या शब्दाचा आधार मला होता, पगार कापणाऱ्याला त्या शब्दाचं काय? त्यांचा महिन्याचा पगार नऊ हजार होता, हे मला नंतर कळलं.

या वेळी दिवस होता. पंपाच्या खोलीत जायच्या आधी मी पुलाच्या कडेला गेलो. पुलाच्या भिंतीत पाण्याच्या पातळीला एक चौकोनी तोंड असतं, त्याला स्किमर म्हणतात. पृष्ठभागावरची पानं, किडे ओढून घेण्यासाठी. पाणी या तोंडाच्या निम्म्यापर्यंत तरी असावं लागतं. इथे पाणी खालच्या काठाला लागून होतं. मी वाकलो तसा आवाज आला, तांब्या पालथा करून पाण्यात दाबल्यावर येतो तसा, घट घट घट. पाण्याबरोबर हवा आत जात होती. पंपाच्या झाकणाखाली पाहिलं तर बुडबुडेच बुडबुडे. पाण्यात हवा मिसळली की प्रवाह तुटक होतो, पातं फडफडतं, स्विच तुटतो. जुना स्विच खोटं बोलत नव्हता, नवाही बोलत नव्हता.

मी पायरीवर बसलो. काकांचं वाक्य आठवलं. माणसं पान्यात असली का चालतं.

पूल दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. म्हणजे पृष्ठभाग पन्नास चौरस मीटर. पन्नास लिटर पाण्याने त्याची पातळी एक मिलिमीटर चढते. पंधरा माणसं गळ्यापर्यंत पाण्यात उतरली, एकेकाने पन्नास-साठ लिटर पाणी बाजूला सारलं, की पातळी पंधरा-अठरा मिलिमीटर वर. काठाशी आलेल्या पाण्याला तेवढं पुरतं, स्किमरचं तोंड बुडतं, हवा बंद होते. काका एरर पुसतात, मशीन चालू होतं. माणसं बाहेर आली की पातळी खाली, हवा सुरू, मशीन बंद. आंघोळीच्या टबात हा नियम सापडल्याची गोष्ट आपण सगळे सातवी-आठवीत वाचतो. या माणसाने तो रोज डोळ्यांनी पाहिला होता, मला सांगितलाही होता, आणि मी त्याच्यावर हाताळणीची चूक लिहिली होती.

"काका," मी म्हणालो, "तुम्ही सांगत होता ते बरोबर होतं."

ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं." हे रागाने म्हटलं की खरंच, मला ठरवता आलं नाही.

आता प्रश्न दुसरा होता. पाणी कमी का? मागच्या वेळी अंधारात मी पातळी पाहिली नव्हती, पण पंपात बुडबुडे नव्हते, म्हणजे पाणी पुरेसं होतं. काकांना विचारलं. ते म्हणाले, मेकॅनिक येणार म्हणून शेठनी पूल नीट भरून ठेवायला सांगितला होता, दोन दिवस भरला. म्हणजे मी आलो तेव्हा बिघाड आधीच दुरुस्त झालेला होता आणि मी चांगला स्विच काढून नवा लावला, त्याचे बाराशे रुपये लावले.

आता लगेच पाणी सोडून पूल भरला असता तर तीच चूक पुन्हा झाली असती. गळती आहे का हे कळलं नसतं. शेठनी फोनवर तेच विचारलं: "पाणी जातं कुठे? फरशी फुटलीय का? की कुणी काढतंय?" शेवटचा प्रश्न त्यांनी हलक्या आवाजात विचारला.

मी स्किमरचा व्हॉल्व्ह बंद केला. पुलाच्या तळाशी दुसरी जाळी असते, पंपाला सगळं पाणी तिथून घ्यायला लावलं. बुडबुडे दोन मिनिटांत थांबले. मशीन चालू झालं आणि चालत राहिलं. निदान पक्कं झालं. मग एक बादली घेतली, पुलाच्याच पाण्याने भरली, आत दगड टाकला आणि ती पुलाच्या दुसऱ्या पायरीवर अशी ठेवली की बादलीतलं आणि बाहेरचं पाणी जवळपास एका पातळीला राहील. दोन्हीकडे मार्करने खूण केली. चोवीस तासांनी बघायचं. बाहेरचं पाणी बादलीतल्यापेक्षा जास्त उतरलं तर गळती. दोन्ही सारखं उतरलं तर पाणी हवेत जातंय. या परीक्षेला एक रुपया लागत नाही, म्हणून बहुधा कुणी ती करत नाही.

रात्री मी तिथेच राहिलो. काकांच्या बायकोने नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण दिलं. जेवताना मी मशीनचं गणित करत होतो. त्या पुलात सत्तर हजार लिटर पाणी. ते एक अंश तापवायला सुमारे ऐंशी युनिटांची उष्णता. हे मशीन तासाला वीस युनिटं देतं. म्हणजे एक अंशाला चार तास. बावीसवरून अठ्ठावीसवर न्यायला चोवीस तास, तेही पाणी अजिबात थंड होत नाही असं धरून. पण ते होतं, आणि सगळ्यात जास्त होतं ते वाफेमुळे. पाण्यातून वाफ निघताना दिसत नाही, पहाटे जरा धूर दिसतो तेवढंच. पण एक लिटर पाणी उडून जाताना उरलेल्या पाण्यातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच नियमाने. आपण पुलाचा माठ करून ठेवतो आणि मग तो तापत नाही म्हणून मेकॅनिकला बोलावतो.

झोप लागेना म्हणून वडील आठवले. गुडघे दुखायला लागले तेव्हा ते मला घेऊन वज्रेश्वरीला गेले होते, तिथून अकलोलीच्या कुंडावर. तानसा नदीच्या काठाला जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं. पावसाचं पाणी काळ्या दगडाच्या भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि पुन्हा भेगांतून वर येतं. खाली कुणी बटण दाबत नाही. वडील पाय सोडून बसले आणि म्हणाले, देवाने एवढं एक काम फुकटात केलंय. पाणी वाहून जात होतं आणि मागून येत होतं. तिथे कुणी विचारत नव्हतं की पाणी जातं कुठे.

पहाटे पाचच्या सुमाराला आवाजाने जाग आली. भांड्यांचा आवाज. पंपाच्या खोलीमागे पाच हजार लिटरची काळी टाकी आहे, बोअरचं पाणी तिच्यात येतं आणि तिथून खोल्यांना, बागेला, पुलाला. टाकीच्या तळाच्या नळाशी बायका उभ्या होत्या. सात-आठ जणी, हंडे-कळश्या. काका नळावर बसले होते. एक हंडा भरला की दुसरा सरकवत होते. कुणी बोलत नव्हतं.

मला बघून सगळं थांबलं. एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "दादा, नळाला कुलूप लावायला आलास का?"

मी म्हणालो, "नाही आजी. मी हीटरवाला."

"हां," ती म्हणाली, आणि हंडा डोक्यावर घेऊन निघून गेली.

नंतर काकांनी सगळं सांगितलं, एका बाजूला नेऊन, माझ्याकडे न बघता. वाडीच्या विहिरीने यंदा लवकर तळ गाठला. दुसरी विहीर ओढ्यापलीकडे, जाऊन-येऊन दीड तास. बोअरही आता दिवसाला तासभरच चालतो, मग फसफसतो. तेवढ्या पाण्यात खोल्यांची टाकी भरायची, झाडं जगवायची, पुलात पाणी सोडायचं. "झाडं मेली तर शेठला दिसंल. खोलीत पानी नसंल तर पार्टी बोंबलंल. पुलात रोज बोटाएवढं कमी झालं तर कोनाला दिसतंय?" म्हणून पुलाचा वाटा त्यांनी वाडीला दिला. रोज वीस हंडे. पुलाची तोटी बंद ठेवायची, शनिवार जवळ आला की जमेल तसं भरायचं. तोट्या फिरवतो ना, असं ते मला म्हणाले होते. मी पुढे विचारलं नव्हतं.

"त्यानं मशीन बंद पडतं हे मला ठावं नव्हतं," ते म्हणाले. "ठावं असतं तं..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही विचारलं नाही की पुरं कसं झालं असतं.

साडेनऊला बादलीपाशी गेलो. आतलं पाणी सहा मिलिमीटर उतरलं होतं. बाहेरचंही सहा. गळती नव्हती. सहा मिलिमीटर म्हणजे पन्नास चौरस मीटरला तीनशे लिटर. पंधरा लिटरच्या हंड्याने वीस हंडे.

मी आकडा दोनदा तपासला, कारण तो फारच नेमका जुळत होता. एका दिवसात पुलातून जेवढं पाणी हवेत उडून जात होतं, तेवढंच वाडी भरून नेत होती. आणि ते तीनशे लिटर जाताना पुलाला अडीच अंशांनी थंड करत होते. ती उष्णता भरून काढायला मशीन दहा तास चालत होतं, पंचेचाळीस युनिटं वीज खात होतं. रोज.

उपाय सोपा होता. पुलावर रात्री झाकण घालायचं. हवेच्या बुडबुड्यांचं प्लास्टिकचं आवरण मिळतं. पाणी झाकलं की वाफ कोंडते, बहुतेक नुकसान थांबतं, पाणी वाचतं, वीज वाचते. हीटर बसवताना कुणीतरी हे सांगायला हवं होतं. मीही पहिल्या भेटीत सांगायला हवं होतं.

शेठना फोन केला. म्हणालो, मशीनमध्ये दोष नाही, कधीच नव्हता. पातळी खाली गेली की स्किमरमधून हवा ओढली जाते. त्यांनी पुन्हा विचारलं, "पण पाणी जातं कुठे?"

"हवेत," मी म्हणालो. आणि बादलीची परीक्षा समजावून सांगितली.

हे पूर्ण खरं होतं. पुलातलं पाणी हवेतच जात होतं, पुलातून कुणी एक थेंबही काढला नव्हता. गेलेलं पाणी परत का भरलं जात नाही, हा वेगळा प्रश्न होता, आणि तो त्यांनी विचारला नाही. विचारला असता तर मी काय सांगितलं असतं? पाणी त्यांच्या बोअरचं होतं, वीज त्यांची होती, मला बोलावून पैसे देणार होते तेच. शेठ वाईट माणूस नाहीत. कदाचित सांगितलं असतं तर म्हणाले असते, द्या वाडीला. कदाचित नळाला कुलूप आलं असतं. ते कदाचित कुणाच्या जिवावर घ्यायचं? दहा दिवसांपूर्वी 'असावी' लिहून एकदा घेऊन झालं होतं. म्हणून गप्प बसलो. बरोबर केलं असं छातीवर हात ठेवून मला आजही सांगता येत नाही.

रिपोर्ट मात्र या वेळी नीट लिहिला. पाण्याची पातळी स्किमरखाली गेल्याने प्रवाह तुटतो. कारण बाष्पीभवन, रोज सुमारे ३०० लिटर. रात्री आवरण घालणं आवश्यक. मागच्या वेळी फ्लो स्विच बदलण्याची गरज नव्हती, त्याचे पैसे या बिलातून वजा. शेवटी लिहिलं: मागच्या रिपोर्टमधलं हाताळणीबद्दलचं वाक्य चुकीचं आहे. रखवालदाराने बिघाडाचं लक्षण अचूक सांगितलं होतं, माझ्याकडून दुर्लक्ष झालं. फोटो पाठवला आणि खाली वेगळा मेसेज केला की त्यांचे कापलेले पैसे परत द्यावेत. असा मेसेज मी आयुष्यात पहिल्यांदा केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

महिनाभराने त्याच रस्त्याने जाताना आत डोकावलो. पुलावर निळं आवरण होतं. काका ते गुंडाळत होते, एकटेच. दहा बाय पाच मीटरचं ओलं प्लास्टिक, एक टोक ओढलं की दुसरं पाण्यात बसतं. मी हात लावला. त्यांनी सांगितलं, रोज सकाळी काढायचं, रात्री घालायचं. पार्टी रात्री बारापर्यंत पाण्यात असली तर बारानंतर घालायचं. माझ्या उपायाने पाणी वाचलं, वीज वाचली आणि एका माणसाचं रोजचं तासाभराचं काम वाढलं. रिपोर्ट लिहिताना हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"पैसे मिळाले का?" मी विचारलं.

"दोन दिले. एक राहिलेत."

"आणि मशीन?"

"चालतंय. पानी पन कमी उतरतंय, दोन दिवसांनी कधी उलीसं सोडावं लागतं." मग थोडं थांबून ते म्हणाले, "तिकडचं पन चालूच हाय."

पंखा गार हवा फेकत होता. ऊन तापलं होतं, त्या हवेत त्यांचं कुत्रं पाय पसरून झोपलं होतं. मी निघालो तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, एक इचारू? मशीनमदून कधी कधी बारीक आवाज येतो. सकाळीच येतो, गार असतं तवा. उन्हात नाय येत."

मी मोटरसायकल स्टँडवर लावली आणि परत आत गेलो. विचारलं, "कसा आवाज? नीट सांगा."